चापाची गाडी चार मीटरवर का थांबते

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी नववीत, आंतरशालेय विज्ञान स्पर्धा, उंदराच्या एकाच चापावर गाडी चालवायची आणि जिची गाडी सगळ्यात लांब जाईल ती जिंकली. चार सीड्यांची चाकं, चार मि.मी. जाडीचा अ‍ॅक्सल (दोन चाकं जोडणारी सळई), दोरा थेट चापाच्या तारेला बांधलेला. सोडली की मागची चाकं जागच्या जागी गरगरतात, मग गाडी सुसाट सुटते, डावीकडे कलते आणि चार मीटरवर गचकन थांबते. ऐरोलीला तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार दिवस हेच चाललंय, आणि आता कडक स्प्रिंगचा चाप ऑनलाइन मागवावा का, असं तुम्ही विचारताय.

नका मागवू. तुमच्या गाडीला जोर कमी पडत नाही, उलट तो नको तिथे आणि नको तितक्या घाईत खर्च होतोय. मी वागळे इस्टेटला टूलरूममध्ये उभी हयात काढली आणि गेली काही वर्षं आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांच्या या गाड्या जुळवून देतो. दरवर्षी कोणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं.

आधी चापात किती ऊर्जा आहे ते मोजा, म्हणजे अंदाजपंचे बोलणं थांबतं. बॅग तोलायचा हुकाचा काटा घरात असेलच. उंदरावर आपटते ती तार बिजागरीपासून साधारण पाच सें.मी.वर काट्यात अडकवा आणि तारेशी काटकोन ठेवून हळूहळू मागे ओढत न्या. समजा सुरुवातीला २०० ग्रॅम भरले आणि पूर्ण ताणल्यावर ६००. सरासरी ४०० ग्रॅम, म्हणजे सुमारे ३.९ न्यूटन. पाच सें.मी. त्रिज्येचं अर्धवर्तुळ १५.७ सें.मी.चं. गुणाकार केला की ०.६ ज्यूल. एक किलो साखरेची पिशवी सहा सें.मी. वर उचलायला लागते तेवढी, बस्स! तुमच्या चापाचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, पण एवढ्याच पुंजीवर सगळा संसार करायचाय.

आता खर्चाची बाजू. एक मीटर लांबीची सपाट फळी घ्या, गाडीचा दोरा सोडवून गाडी तिच्यावर ठेवा आणि फळीचं एक टोक पुस्तकं सारून उचलत जा. बोटाने हलकी टिचकी मारल्यावर गाडी न थांबता, पण वेगही न वाढवता खाली घरंगळली, की थांबा आणि उंची मोजा. दोन सें.मी. निघाली तर गाडीच्या वजनाच्या दोन टक्के जोर नुसता घर्षणाला द्यावा लागतो. गाडी २०० ग्रॅमची असेल तर ४ ग्रॅम, म्हणजे ०.०३९ न्यूटन. ०.६ ला त्याने भागा: साधारण १५ मीटर. ही तुमच्या गाडीची कमाल मजल, चाकं कितीही मोठी लावा. उंची तीन सें.मी. निघाली तर मजल दहावर येते. म्हणून मी पोरांना पहिले दोन दिवस चापाला हातच लावू देत नाही, फळीवरच बसवतो. कंटाळतात, पण जिंकतात.

मग तुमची १५ ऐवजी ४ मीटर का? तार पाच सें.मी., ती अर्धा फेरा फिरली की दोरा ओढला जातो जेमतेम दहा सें.मी. चाकाचा व्यास १२ सें.मी., अ‍ॅक्सलचा ०.४, म्हणजे तीसपट. दहा गुणिले तीस, तीन मीटर. तेवढ्या अंतरात सगळी ऊर्जा ओतली जाते. सुरुवातीला चाकाच्या कडेला जोर मिळतो ६०० भागिले ३०, म्हणजे २० ग्रॅम, आणि लागतात चार. सीडीची कड गुळगुळीत, ती हा जोर पेलत नाही, म्हणून चाकं गरगरतात. तो फिरण्यात गेलेला जोर परत मिळत नाही.

तरीही तीन मीटरनंतर गाडी घरंगळत बरीच पुढे जायला हवी होती. ती गचकन थांबते याचा अर्थ एकच: दोऱ्याचं दुसरं टोक तुम्ही अ‍ॅक्सलला गाठ मारून बांधलंय. दोरा संपला तरी चाकं फिरतच असतात, ती दोरा उलट्या बाजूने गुंडाळायला लागतात आणि चाप पुन्हा ताणला जातो. हा ब्रेकच झाला. माझ्या पहिल्या वर्षीच्या गाडीने याहून कहर केला होता. छान पुढे गेली, थांबली आणि सगळ्यांच्या देखत दीड मीटर मागे आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, परीक्षकांनी मात्र ती जिथे शेवटी उभी राहिली तिथपर्यंतच टेप धरली.

गाठ काढून टाका आणि हे करा. अ‍ॅक्सलच्या मध्यावर बारीकातली बारीक केबल टाय घट्ट आवळा, शेपटी तीन-एक मि.मी. ठेवून कापा आणि बुडाशी फेविक्विकचा एक थेंब द्या, नाहीतर ती अ‍ॅक्सलवर गोल फिरते. दोऱ्याच्या टोकाला छोटा फास करा, तो या खुंटीत अडकवून चाक उलटं फिरवत दोरा गुंडाळा. शेवटचा वेढा उलगडला की फास आपोआप निसटला पाहिजे. शेपटी लांब राहिली तर निसटत नाही, आखूड झाली तर गुंडाळतानाच सुटतो. नखाच्या कातरीने अर्धा-अर्धा मि.मी. कापत जुळवायचं. दोरा एवढाच लांब ठेवा की चापाची तार पुढे पूर्ण टेकायच्या जरा आधी फास सुटेल. दोरा म्हणून मासे पकडायची पातळ तंगूस चांगली, ताणत नाही अशी बघून घ्या. वेढे एकमेकांवर चढू देऊ नका, शेजारी-शेजारी बसवा.

आता दांडी. चापाच्या तारेला ३० सें.मी.ची दांडी बांधा. जुन्या छत्रीची काडी या कामाला फक्कड. एक वाकत असेल तर दोन जोडून घ्या. दांडी मागे दुमडल्यावर तिचं टोक बरोबर मागच्या अ‍ॅक्सलच्या वर यावं असा चाप बसवायचा. दोरा आता ६० सें.मी. ओढला जाईल. साठ गुणिले तीस, कागदावर १८ मीटर! इथेच सगळे फसतात. दांडी सहापट लांब झाली म्हणजे टोकाचा जोर सहापट घटला, ६०० चे १०० ग्रॅम राहिले. चाकावर १०० भागिले ३०, म्हणजे ३.३ ग्रॅम. लागतात चार. गाडी जागची हलणारच नाही, आणि मुलगी म्हणेल, काकांनी चुकीचं सांगितलं.

म्हणून जिथे दोरा गुंडाळतो तिथे अ‍ॅक्सलवर चिकटपट्टीचे वेढे देऊन जाडी सहा मि.मी. करा. आता पट वीस, चाकावर ५ ग्रॅम, गाडी निघते. दोरा १२ मीटर ओढतो, पुढचं अंतर साठलेल्या वेगावर. निघताना गाडी इतकी मंद हवी की तुम्हाला शेजारून चालताना वाटलं पाहिजे, ही आता थांबते की काय. फळीवरचा आकडा सुधारला की पट्टीचा एकेक वेढा कमी करत जा. हौस असेल तर पट्टी निमुळती चढवा: शेवटी गुंडाळले जाणारे वेढे जाड भागावर आले की निघताना जोर जास्त मिळतो.

फळीवरचा आकडा खाली आणायचा तर मुख्य गुन्हेगार अ‍ॅक्सलची बसकण. तुम्ही स्ट्रॉमध्ये घातलाय, तो चालतो पण दोऱ्याच्या ओढीने वाकतो आणि घासतो. ६२४ नंबरची बेअरिंग आणा, आतलं भोक बरोबर चार मि.मी.चं. पण नव्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरलेलं असतं आणि एवढ्याशा गाडीला तेच जड जातं. मोठ्या माणसाने, गच्चीत किंवा बाहेर, गॅसपासून दूर, ती पेट्रोलमध्ये धुवायची, वाळवायची आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडायचा. चाक बोटाने फिरवून सेकंद मोजा, धुण्याआधी आणि नंतर. मुलीच्या वहीत हे दोन आकडे असले की परीक्षकांसमोर तिला वेगळं बोलावं लागत नाही.

सीडीचं भोक १५ मि.मी.चं. नुसत्या गरम गोंदाने अ‍ॅक्सलवर चिकटवली की ती हमखास डुगडुगते. दोन्ही बाजूंनी बाटलीची बुचं घ्या, मधोमध भोक पाडून त्यात सीडी दाबा. कडेजवळ पेन्सिल धरून चाक फिरवा, कुठे टेकते ते दिसेल. मागच्या चाकांवर फुग्याची रिंग चढवतात, घसरू नये म्हणून. लांब दांडी लावल्यावर मला ती लागत नाही. पुढच्या चाकांना तर नकोच.

डावीकडे वळणं म्हणजे दोन अ‍ॅक्सल समांतर नाहीत. पुढच्या अ‍ॅक्सलची एक बाजू कायमची चिकटवू नका, खाच लांबट ठेवून स्क्रूने आवळा. मग अर्धा मि.मी. पुढे-मागे करून लाइन लावता येते. पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकवर मात्र यातलं काहीच कळणार नाही. शाळेला विचारा, स्पर्धा हॉलच्या टाइल्सवर आहे की व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर, आणि तशाच फरशीवर सराव करा. दांडी वाढवायला परवानगी आहे ना आणि अंतर पुढच्या चाकापासून मोजतात की मागच्या, हेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या.

अजून एक चाप जादा घेऊन ठेवा, तो मात्र दुकानातून. ठाण्याच्या बाजारात, जांभळी नाक्याला ‘उंदराचं काहीतरी द्या’ म्हटलंत तर पिंजरा नाहीतर चिकट पुठ्ठा हातात पडेल. लाकडी पाटीचा चाप असं स्पष्ट सांगा. विल्यम हूकर नावाच्या अमेरिकनाने १८९४ मध्ये पेटंट घेतलेला, थोड्याफार फरकाने तोच हा. घुशीचा मोठा चाप मिळाला म्हणून खूश होऊ नका, बहुतेक स्पर्धांत तो बाद धरतात. आणल्या आणल्या आमिषाची पट्टी आणि अडकवायची काडी पक्कडीने उपटून टाका. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख एका वर्षी महिनाभर काळं होतं ते या काडीमुळेच. लांब दांडी ताणताना चेहरा वर नको, चष्मा हवाच.

फळीची उंची, गाडीचं वजन आणि काट्याचे दोन आकडे इथे टाका, म्हणजे अ‍ॅक्सल किती जाड ठेवायचा ते सांगतो. मुलीलाच मोजू द्या आणि तिलाच लिहू द्या.