पेट्या आणण्याआधी: मधपाळ संघ आणि विमा

प्रिय बाबू,

मेलिफेरा जातीच्या मधमाश्यांच्या वीस पेट्या घ्यायचं ठरवलंस, अनुदानाची चौकशीही केलीस, चांगलं झालं. पण पेट्या वावरात उतरवण्याआधी संघाचा सभासद हो आणि मग विम्याकडे वळ. क्रम हाच ठेव. विमा कंपनी कागद पाहून पैसे देते आणि आपल्या धंद्यात त्यातला अर्धा कागद संघामुळेच उभा राहतो.

संघाचा पत्ता कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्हा खादी ग्रामोद्योग कार्यालयात मिळेल. वर्गणी भरण्याआधी नोंदणी क्रमांक, मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल आणि बँक खात्यावर कोणाकोणाच्या सह्या चालतात, एवढं विचार. त्यात लाजायचं काही नाही. नुसती वार्षिक वर्गणी आहे की भागभांडवल, तेही पाहा. भाग असेल तर बाहेर पडताना पैसे परत कसे मिळतात ते उपविधीत लिहिलेलं असतं. मध काढायचं यंत्र संघाचं आहे का, संघामार्फत मध विकला तर कापून काय घेतात, हेही आधीच कळलेलं बरं. अनुदान आलं की पेट्या वाटायच्या आणि मे महिन्यात त्या रिकाम्या पडलेल्या पाहायच्या, असेही संघ आहेत. म्हणून बैठकीपेक्षा एखाद्या सभासदाच्या वावरात जा आणि पेटी उघडायला सांग. चौकटी माश्यांनी भरलेल्या दिसल्या, पेटीच्या तळफळीवर मेणकिड्याची (मेणाची पोळी खाणाऱ्या अळीची) जाळी नसली, तर वर्गणी भरून पावती घे. राष्ट्रीय मधमाशी मंडळाच्या मधुक्रांती पोर्टलवरची नोंदणीही त्याच आठवड्यात उरकून घे.

संघाचा खरा उपयोग फवारणीच्या दिवसांत कळतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, तिथं माशीचं काय घेऊन बसलास! पऱ्हाटीवर (कपाशीवर) औषध कधी पडणार हे शेजारी तुला एकट्याला सांगेलच असं नाही. संघानं गावात बोलून ठेवलं असेल तर आदल्या दिवशी फोन येतो. मग रात्री, माश्या आत आल्यावर, पेट्या तीन किलोमीटरच्या पलीकडे हलवायच्या. त्याहून जवळ ठेवल्यास चरायला गेलेल्या माश्या जुन्याच जागेवर परततात. दार बंद करून पेटी उन्हात ठेवू नकोस. आतली हवा तापते, मेण मऊ होऊन पोळी कोसळतात, आणि औषधानं जेवढं गेलं नसतं तेवढं गुदमरून जातं.

आता विमा. पहिला गैरसमज पीक विम्याचा: त्यात अधिसूचित पिकंच येतात, पेट्या येत नाहीत. मधमाश्यांसाठी सर्वसाधारण विमा (आयुर्विमा सोडून इतर विमा) कंपनीची वेगळी पॉलिसी लागते. एजंट ‘सगळं कव्हर आहे’ म्हणेल. तू पॉलिसीची प्रत मागून वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाच. आपल्या भागापुरते प्रश्न हे: धुरा (शेताचा बांध) जाळताना किंवा मोह वेचायला पाला पेटवल्यावर लागलेली आग धरतात का? नाल्याचा पूर? चोरी? अस्वल? शेजाऱ्याच्या औषधानं मेलेल्या माश्या? मेणकिडा, व्हरोआ (माश्यांना चिकटणारा बारीक परजीवी कोळी) आणि माश्यांची अख्खी वसाहत पेटी सोडून उडून जाणं हे बहुधा सांभाळण्यातली हयगय म्हणून बाहेर ठेवतात, तेही स्पष्ट विचार. पेटी आणि माश्यांची वसाहत यांची किंमत वेगवेगळी लिहून घे, नाहीतर माश्या मेल्यावर लाकूड शाबूत आहे म्हणून हात वर होतात.

हप्ता वाचवायला किंमत कमी लिहू नकोस. समज, वीस पेट्यांची खरी किंमत ८०,००० आणि विमा ४०,००० चा. दहा पेट्या जळाल्या, नुकसान ४०,००० चं; पण विमा निम्म्याचाच, म्हणून हाती २०,०००, त्यातूनही दाव्यात तू स्वतः सोसायचा ठरलेला हिस्सा वजा.

सगळ्यात जास्त दावे अडतात ते जागेवर, असं माझं मत. संत्र्याच्या आंबिया बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत पेट्या वरूड-मोर्शीकडे न्यायच्या, मग सूर्यफुलाकडे. आणि पॉलिसीवर पत्ता मात्र तुझ्या गावचा. प्रस्ताव अर्जातच सगळ्या जागा गट क्रमांकासह लिही, वाहतुकीतलं नुकसान धरलंय का विचार, आणि प्रत्येक स्थलांतराआधी कंपनीला ईमेल टाक. तोंडी सांगितलेलं मोजत नाहीत.

प्रत्येक पेटीच्या मागच्या बाजूला ऑइलपेंटनं क्रमांक घाल. वहीत क्रमांक, तपासणीची तारीख, माश्यांनी भरलेल्या चौकटी, पिल्लाव्याच्या (अंडी-अळ्यांच्या) चौकटी, राणी दिसली की नाही आणि पेट्यांची जागा, एवढे रकाने पुरेत. दर पंधरवड्याला नोंद कर आणि तीन महिन्यांतून एकदा संघाच्या सचिवाची सही घे. नुकसानीआधी पेटीत माश्या होत्या, हे सिद्ध करायला याहून चांगला पुरावा नाही.

नुकसान झालंच तर आधी झाडलोट करू नकोस. दारापुढचा मेलेल्या माश्यांचा ढीग तसाच राहू दे, क्रमांक दिसेल असे फोटो काढ, त्याच दिवशी कंपनीला कळव आणि तक्रार क्रमांक लिहून घे. विषबाधेत बऱ्याच माश्यांची सोंड बाहेर आलेली असते. ताज्या मेलेल्या दोन मुठी कागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेव. प्लास्टिकमध्ये बाहेरच ठेवलेल्या सडतात आणि तपासणीच्या कामाच्या राहत नाहीत. तलाठी किंवा कृषी सहायकासमोर पंचनामा, चोरी असेल तर पोलिसात तक्रार. नुकसान मोजायला कंपनीचा सर्व्हेअर येईल तेव्हा संघाचा एक माणूस सोबत असू दे. रिकामी पेटी आणि मेलेली वसाहत यांतला फरक सर्व्हेअरला दाखवून द्यावा लागतो.

धुऱ्याला बांधलेल्या शेजाऱ्याच्या बैलाला तुझ्या माश्या चावल्या तर तो खर्च वरच्या पॉलिसीत येईलच असं नाही; त्यासाठी तिसऱ्या व्यक्तीच्या जबाबदारीचं कलम वेगळं मागावं लागतं. स्वतःसाठी बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा घे, वर्षाला २० रुपये आणि अपघाती मृत्यूला दोन लाख. खात्यात ३१ मेआधी शिल्लक ठेव, हप्ता तेव्हाच कापतात.

वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठव. रकाना सुटला असेल तर पेट्या येण्याआधीच सांगतो.

तुझा,
काका