आदराने वागलं की माणसं डोक्यावर बसतात का?

तुमचा प्रश्न असा, की टीमची जबाबदारी नुकतीच आली आहे, सगळ्यांचा मान ठेवून वागायची इच्छा आहे, पण जुने लोक सांगतात, "फार मान दिलास तर डोक्यावर मिऱ्या वाटतील." आणि घरीही हल्ली हेच कोडं पडतं.

मी दहा-बारा वर्षं टीम सांभाळते आहे. माझ्या पाहण्यात माणसं डोक्यावर बसतात ती वरच्याची धरसोड पाहून. आज एक नियम, उद्या दुसरा. काम चुकलं तर चुकलं म्हणायचं, पुन्हा करून घ्यायचं. चारचौघांत पाणउतारा न करताही हे सगळं होतं.

माझ्याकडून उलट घडलं होतं, ते सांगते. एका बैठकीत टीममधला सगळ्यात नवा मुलगा म्हणाला, "मला वाटतं, ही तारीख..." मी लॅपटॉपवरची नजरही न काढता म्हटलं, "तारखेवर चर्चा झाली आहे." त्याने पेनाला टोपण लावलं, वही मिटली. दोन आठवड्यांनी काम नेमकं तिथेच अडलं. त्याला ते आधीच दिसलं होतं. नंतर विचारलं, "पुन्हा का नाही सांगितलंस?" तर म्हणाला, "तुम्ही म्हणालात ना, चर्चा झाली आहे." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली, कारण त्याचं बोलणं तोडलं होतं तेही सगळ्यांसमोरच.

विमानवाहतुकीने हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळाच्या धावपट्टीवर दाट धुक्यात दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली, 583 माणसं गेली. कारणं अनेक होती, रेडिओवरचे संदेशही एकमेकांत अडकले होते. पण धावायला लागलेल्या विमानात फ्लाइट इंजिनियरने, म्हणजे कॉकपिटमधून यंत्रणांवर लक्ष ठेवणाऱ्या कनिष्ठाने, शंका काढली होती, की समोरचं विमान अजून धावपट्टीवरून हटलं नाही का? कॅप्टन ठामपणे "हटलंय" म्हणाला आणि विषय संपला. कनिष्ठाने बोलावं आणि कॅप्टनने ऐकावं, याचं रीतसर प्रशिक्षण पुढच्या काही वर्षांत सुरू झालं. 1989 मध्ये कॅप्टन अल हेन्स यांच्या विमानाची सगळी हायड्रॉलिक यंत्रणा, म्हणजे विमान वळवायची, वर-खाली करायची यंत्रणा, निकामी झाली, तेव्हा प्रवाशांमध्ये बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाला त्यांनी कॉकपिटमध्ये घेतलं आणि इंजिनांचे थ्रॉटल, म्हणजे जोर कमी-जास्त करायचे दांडे, त्याच्या हाती दिले. विमान कोसळलंच, शंभराहून अधिक माणसं दगावली, पण 296 पैकी 180 हून जास्त वाचली. हेन्स याचं श्रेय त्या प्रशिक्षणाला देत राहिले. अधिकार त्यांचाच होता, तो कमी झाला नाही.

घरी मात्र विमान कोसळत नाही, म्हणून कळायला उशीर होतो. जोडप्यांचा अनेक वर्षं अभ्यास केलेले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात, की नातं मोडायचं सगळ्यात ठळक लक्षण म्हणजे तुच्छता: डोळे फिरवणं, समोरच्याच्या बोलण्याची नक्कल करणं, टोमणे. भांडण त्या मानाने बरं, असं मला वाटतं, कारण भांडणात निदान समोरच्याचं म्हणणं मोजलं तरी जातं. माझा नवरा दिवसभराचं सांगायला लागला की मी म्हणायचे, "मुद्द्यावर ये." हळूहळू त्याचं उत्तर "काही नाही, ठीक होतं" एवढंच उरलं. ते माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं.

तेव्हा सुरुवात करायची तर पुढच्या बैठकीत सगळ्यात नव्या माणसाला आधी बोलू द्या, तुम्ही शेवटी बोला. "अजून काही?" असं विचारलंत की लगेच पुढे सरकू नका, थांबा. पहिल्या दोन-तीन वेळा कोणीच बोलणार नाही आणि ती शांतता नकोशी वाटेल. मला तरी वाटली होती. घरी याहून जास्त दिवस लागतात. नवऱ्याने पुन्हा आपणहून, मधलं काही न गाळता सांगायला सुरुवात केली, त्याआधी चार-पाच महिने मी नुसतीच ऐकत होते.