बाग बदला, पण ठेव मोडून नको

तुमचं पत्र थोडक्यात असं: घरामागे ६० चौरस मीटर लॉन, कोरड्या दिवसांत पाण्याचं बिल फुगतं. लॉन काढून कमी पाण्याची झाडं, टायमरवरचं ठिबक आणि छतावरच्या पावसासाठी जमिनीखाली ५००० लिटरची टाकी, असं सगळं एकदमच करून घ्यायचंय. कोटेशन घरच्या पाच महिन्यांच्या खर्चाएवढं. अडीअडचणीसाठी ठेवलेली मुदत ठेव सहा महिन्यांच्या खर्चाची. ती मोडावी का? कंत्राटदार म्हणतो, चार वर्षांत पैसे वसूल.

बागेचा बेत मला आवडला. चार वर्षांचा हिशेब नाही पटला. त्याने ६० टक्के बचत धरलीय आणि तीही अख्ख्या बिलावर. तुमच्या बिलाचे १०० भाग केले तर ३० भाग स्थिर आकाराचे आहेत. बागेत गवताचं एक पातं नसलं तरी ते भरावेच लागणार. उरलेल्या ७० पैकी निम्मं पाणी बागेला जातं असं धरू, म्हणजे ३५. त्याचे ६० टक्के झाले २१. त्याने ६० धरले, हाती येणार २१. चार वर्षांची वसुली साडेअकरा वर्षांवर गेली, आणि ठेवीचं बुडणारं व्याज यात अजून धरलेलंच नाही.

‘निम्मं’ हा माझा अंदाज. खरा आकडा मीटरला विचारा. आठवडाभर, बागेला पाणी घालण्याआधी आणि घालून झाल्यावर मीटर वाचून वहीत लिहा. तेवढा वेळ घरातला दुसरा नळ बंद, वॉशिंग मशीनही बंद. पाऊस नसताना लॉनला आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी पुरतं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, म्हणजे तुमच्या लॉनला १५०० लिटर. वहीत ३००० निघाले तर एक तर पाइप धरणाऱ्याचा हात सैल आहे, नाहीतर कुठेतरी गळतंय. दोन्हीवरचा इलाज ठेवीला हात न लावता होतो.

आता टाकी, कारण कोटेशनमधले निम्म्याहून जास्त पैसे तिच्यातच आहेत. टाकी वर्षात किती वेळा भरते आणि रिकामी होते, त्यावर तिचे पैसे फिटतात. १०० चौरस मीटर छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर वाया जाणारं सोडून ८०० लिटरच्या आसपास मिळतं. पाऊस वर्षभर थोडाथोडा येत असेल तर टाकी पुन्हापुन्हा भरेल, मग ती घेण्यात अर्थ आहे. एकाच हंगामात कोसळत असेल तर बागेला पाणी नको असतं तेव्हा ती भरलेली, आणि पुढे आजच्या लॉनला जेमतेम सव्वातीन आठवडे पुरणार. लॉन काढल्यावर जास्त दिवस पुरेल, हे खरं. पण मग वाचवायला पाणीही थोडंच उरतं. या वर्षी टाकी नको. कर्ज काढून तर मुळीच नको.

या वर्षी महिन्याच्या शिलकीतून अर्धं लॉन काढा, जिथे कोणी फिरकत नाही तो भाग. मातीत कंपोस्ट मिसळा, वर पाचोळ्याचा किंवा लाकडाच्या ढलप्यांचा ५-७ सेंटिमीटर थर द्या, फक्त खोडाला चिकटवू नका. सगळ्या कोटेशनमध्ये इतक्या कमी पैशांत इतकं पाणी वाचवणारी दुसरी वस्तू नाही, आणि कंत्राटदाराने नेमकी तीच लिहिलेली नाही! रोपं लहान घ्या, स्वस्त पडतात आणि लवकर रुजतात. मात्र पाणी कमी लागणाऱ्या झाडांनाही मुळं धरेपर्यंत वर्ष-दोन वर्षं नियमित पाणी लागतं. पहिल्या वर्षी बिल फारसं उतरलं नाही म्हणून घाबरू नका.

ठिबक साधं घ्या, पण फिल्टर चांगला घ्या. माझ्याकडे टायमर रोज वेळेवर चालू व्हायचा. ड्रिपर गाळाने तुंबलेत हे दोन झाडं वाळल्यावर कळलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा नळीचं टोक उघडून गाळ वाहू देतो.

उरलेल्या अर्ध्या लॉनवर मुलं खेळतात, असं तुम्हीच लिहिलंय. ते राहू द्या. वर्षभराची मीटरची वही घेऊन या, मग टाकीचं बोलू.