रोझ मोठे की शोजी? अमेरिकन कॉलेज व्हॉलीबॉलच्या कोचेसवर तुमचे प्रश्न

मागच्या वेळी पेन स्टेट कॉलेजच्या महिला टीमबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, इनबॉक्स भरला. वाद एकच, सगळ्यात मोठा कोच कोण, पेन स्टेटचे रस रोझ की हवाईचे डेव्ह शोजी. निम्म्या लोकांचं म्हणणं मी बायस्ड आहे. असेन थोडा. चला, प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, वाद कशाला? रस रोझकडे ७ नॅशनल टायटल्स आहेत, विषय संपला ना?

आकड्यांचा विषय संपला, हो. १९७९ ते २०२१, ४३ सीझन एकाच कॉलेजात, १,३३० मॅचेस जिंकल्या आणि फक्त २२९ हरल्या. २००७ ते २०१० सलग चार टायटल्स, त्यातच ती १०९ मॅचेसची विनिंग स्ट्रीक. २००८ ला तर ३८-० आणि सेमीफायनलला नेब्रास्काने एक सेट घेईपर्यंत त्या सीझनमध्ये या पोरींनी एकही सेट सोडला नव्हता, म्हणजे समोरच्या टीमने हॉलमध्ये यायचं, वॉर्मअप करायचा आणि तीन सेटमध्ये घरी जायचं.

पण मला त्यांच्या रेकॉर्डमधला आधीचा भाग जास्त आवडतो. पहिलं टायटल १९९९ ला, म्हणजे विसाव्या वर्षानंतर! त्याआधी १९९३, १९९७ आणि १९९८, तीन फायनल हरले, १९९८ ची तर पाचव्या सेटमध्ये, लाँग बीच स्टेटकडून, जी टीम त्या वर्षी ३६-० राहिली. आपल्याकडे तीन फायनल हरलेल्या कोचला संस्थाचालक चहाला बोलावून नारळ देतात. तिथे त्यांना राहू दिलं म्हणून पुढचं सगळं घडलं, तेव्हा ७ मधली निदान अर्धी कमाई मी कॉलेजच्या पेशन्सच्या खात्यात टाकतो.

प्रश्न : हवाईच्या डेव्ह शोजींचं नाव रोझच्या बरोबरीने का घेतात? कुठे ७, कुठे ४. आणि त्या ४ मधलं एक तर एनसीएएचं (अमेरिकन कॉलेज खेळांची मुख्य संस्था) नाहीच म्हणे.

बरोबर आहे, १९७९ चं एआयएडब्ल्यूचं आहे. पण एनसीएएने महिलांची स्पर्धाच १९८१ ला सुरू केली, त्याआधी कॉलेजच्या मुलींचं सगळं एआयएडब्ल्यू बघायची. तेव्हा जी स्पर्धा होती तीच जिंकणार ना माणूस! ते टायटल कमी धरायचं तर यूसीएलएच्या अँडी बनाचोव्स्कींचीही सहाची तीनच उरतात, त्यांची आधीची तीन १९७२, ७४ आणि ७५ ची आहेत. मला हे पटत नाही.

आता टक्केवारी काढा. शोजी ४२ सीझनमध्ये १,२०२ विजय, २०४ पराभव, एक बरोबरी. रोझ ८५.३ टक्के, शोजी ८५.५. केसभर पुढेच आहेत की! आणि हे समुद्राच्या मधोमध बसून. मेनलँडची सगळ्यात जवळची टीमसुद्धा पाच तासांच्या फ्लाइटवर, प्रत्येक अवे मॅच म्हणजे दौराच.

आणखी एक भानगड आहे जी तुलना करणारे विसरतात. शोजींची १९८२, ८३ आणि ८७ ची टायटल्स जुन्या साइडआउट स्कोअरिंगमधली, १५ पॉइंटचा गेम आणि सर्व्हिस तुमची असेल तरच पॉइंट. आपल्या गावच्या ग्राउंडवर पूर्वी असंच खेळायचो, अर्धा तास झाला तरी स्कोअर ७-६, सर्व्हिस नुसती इकडून तिकडे. रॅली स्कोअरिंग तिथे २००१ ला आलं आणि प्रत्येक रॅलीला पॉइंट म्हटल्यावर चुकीची किंमतच बदलली. दोन्ही सिस्टीममध्ये टायटल घेणाऱ्यांपैकी एक जॉन डनिंग, पॅसिफिककडून १९८५ आणि ८६, मग स्टॅनफर्डकडून २००१, २००४ आणि २०१६. दोन कॉलेजं, दोन स्कोअरिंग, पाच टायटल्स आणि तरी या यादीत त्यांचं नाव कोणी पटकन घेत नाही, का ते देव जाणे.

प्रश्न : मेरी वाइज यांनी एकही टायटल जिंकलं नाही. तरी 'ग्रेट'?

हो. आयोवा स्टेटला २१ व्या वर्षी हेड कोच, मग फ्लोरिडात १९९१ ते २०२४, कॉन्फरन्सची (म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेजांच्या लीगची) २५ टायटल्स, आठ वेळा फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चारात. टीमला एनसीएए फायनलला नेणारी पहिली महिला कोच, २००३ ला. ती हरल्या, २०१७ ची पण हरल्या.

आता बघा, मुलींचा खेळ, मुलींची टीम आणि डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, १९८१ पासून २०२३ पर्यंत जिंकणारा प्रत्येक हेड कोच पुरुष! (डिव्हिजन थ्रीमध्ये टेरी क्लेमेन्सनी वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीकडून ७ टायटल्स घेतलीत, त्यातली सहा सलग. त्यांच्याबद्दल कुणीच विचारलं नाही, नोंद करून ठेवतो.) हे कोडं सुटलं डिसेंबर २०२४ ला. फायनलला पेन स्टेटच्या केटी शूमाकर-कॉली आणि लुइव्हिलच्या डॅनी बुसबूम केली, म्हणजे कोणीही जिंकलं तरी पहिली महिला कोच ठरणारच होती.

त्याआधीची सेमीफायनल जमली तर पूर्ण बघा. पहिले दोन सेट नेब्रास्काचे, चौथ्यातही २२-१६ ने पुढे. संपलीच होती मॅच. पेन स्टेटने मॅच पॉइंट वाचवले, तो सेट २८-२६ काढला आणि पाचवा १५-१३. आणि कोचबाईंचे कॅन्सरचे उपचार तेव्हा चालू होते, ब्रेस्ट कॅन्सर, सीझनच्या मध्येच निदान झालेलं. मग फायनल ३-१.

या केटी १९९९ च्या टीममधल्या. रोझच्या पहिल्या टायटलमधली पोरगी त्यांच्याच खुर्चीत बसून जिंकली. रोझ-शोजी वादात माझं पारडं रोझकडे झुकतं ते यामुळे, ७ मुळे नाही. अर्थात शोजींच्या खुर्चीतही त्यांचीच जुनी सेटर बसली, रॉबिन आह मो, बीजिंग ऑलिंपिकची सिल्व्हर मेडलिस्ट. तिचं टायटल आलं की हा प्रश्न परत विचारा.

प्रश्न : मी नेब्रास्काच्या लिंकनमध्ये राहतो. ९२,००३ लोकांच्या मॅचला होतो, अंगावर काटा आला. याचं श्रेय कोच जॉन कुकनाच ना?

नशीबवान आहात राव! ३० ऑगस्ट २०२३, फुटबॉलच्या स्टेडियममध्ये व्हॉलीबॉलचं कोर्ट टाकलेलं. कुकचं श्रेय आहेच, २०००, २००६, २०१५ आणि २०१७ अशी चार टायटल्स, शिवाय टोकियोत गोल्ड जिंकलेल्या अमेरिकन टीममधली एमव्हीपी जॉर्डन लार्सन त्यांच्याच हाताखालची. पण गर्दीचं बी पेरलं टेरी पेटिटनी. १९७७ ला आले, इंग्रजी शिकवणारा, कविता लिहिणारा माणूस, आणि १९९५ ला पहिलं टायटल. कुक त्यांचेच असिस्टंट. कुक हेड कोच झाले त्याच वर्षी ३४-० करून जिंकले, ते तयार रानात आले म्हणून. आणि कुकनंतर २०२५ ला आल्या त्या वरच्याच बुसबूम केली, २००६ च्या टीममधल्या. चक्र कसं फिरतं बघा.

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे, न्यू जर्सीत क्लब खेळते. कोचचं नाव बघून कॉलेज निवडावं का?

नाव बघून नको. वर लिहिलेल्यांपैकी रोझ, शोजी, डनिंग, कुक, वाइज सगळे रिटायर झालेत. त्यापेक्षा मॅचला जा आणि टीम मागे असताना घेतलेल्या टाइमआउटला बेंचच्या मागे बसा. कोच काय बोलतात ते ऐकू नाही आलं तरी चालेल, सहा महिने कोर्टवर न उतरलेली पोरगी कान देऊन ऐकतेय की पाण्याची बाटली फिरवत बसलीय तेवढं बघा.