‘बॅड पॅच चालू आहे’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे : ‘सध्या माझा बॅड पॅच चालू आहे, असं हल्ली सगळेच म्हणतात. याला आपला शब्द नाही का?’

आहे, पण आधी त्या वाक्यातलं क्रियापद बघा. इंग्रजीत माणूस बॅड पॅचमधून जात असतो, खराब रस्त्याच्या तुकड्यावरून जावं तसा. मराठीत मात्र पॅच ‘चालू’ असतो आणि मग ‘संपतो’. असं आपण कशाबद्दल बोलत आलोय? साडेसातीबद्दल! म्हणजे शब्द इंग्रजीतून उचलला, पण बसवला तो साडेसातीच्या पाटावर.

मग साडेसातीच का म्हणत नाहीत? शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षं मुक्काम करतो, अशा तीन राशींची मिळून साडेसात वर्षं. दोन महिन्यांच्या कटकटीला हे माप फारच मोठं. पॅच छोटा असतो, सरणारा असतो. त्यातला तेवढा दिलासा लोकांना हवा असतो, आणि त्यात गैर काही नाही.

‘दशा’ हा शब्दही या निमित्ताने पाहण्यासारखा आहे. संस्कृतात दशा म्हणजे अवस्था, तशाच कापडाच्या काठाला सुटलेल्या दोऱ्याही. मराठीत ‘दशी’ अजून कापडालाच धरून आहे. ‘दशा’ मात्र इतकी घसरली की ‘काय दशा झाली!’ एवढं म्हटलं तरी वाईटच समजायचं. ‘अवदसा’ तिच्याच घरातली. पॅच म्हणजेही कापडाचं ठिगळ. योगायोगच, पण मला फार आवडतो.

आता वापराचं. पैशाची अडचण असेल तर ‘ओढाताण चाललीय’, दोघांत पटत नसेल तर ‘बिनसलंय’, फलंदाजाच्या धावा होत नसतील तर ‘त्याला सूर गवसत नाहीये’. हे सगळे नेमके शब्द. अडचण अशी की माणसाला पुष्कळदा नेमकं सांगायचंच नसतं. बॅड पॅच म्हटलं की तपशील झाकला जातो. ‘दिवस फिरलेत’ त्या मानाने जड; त्यात होतं ते गेल्याचं दुःख आहे. ‘पडता काळ’ त्याहून जड.

म्हणून मी ‘सध्या दिवस बरे नाहीत’ असं म्हणतो. ‘सध्या’मुळे ते सरतील हेही आलं, आणि समजूतदार माणूस पुढे काही विचारत नाही.