आधी निकाल वाच

तुझा मेल मिळाला. निर्वासितांच्या अपील विभागानेही तुझ्या अशिलाचा आश्रयाचा अर्ज फेटाळला, तो तुझ्यासमोर रडला आणि तू त्याची सगळी हकीकत नव्याने मांडून जाडजूड शपथपत्र तयार केलंस. त्याच्या भावाचं परवा आलेलं पत्रही जोडलंस. ते सगळं बाजूला ठेव आणि निकाल वाच.

अगं, कॅनडाचं फेडरल कोर्ट पुन्हा सुनावणी घेत नाही. हा माणूस निर्वासित आहे की नाही, हे न्यायाधीश ठरवतच नाहीत. मेंबरने, म्हणजे अपील विभागात निकाल देणाऱ्याने, दिलेली कारणं टिकतात का, ते पाहतात. सुप्रीम कोर्टाच्या 2019 च्या वाव्हिलोव्ह निकालानंतर तर सगळी भिस्त कारणांवरच. जे पत्र मेंबरसमोर नव्हतंच, ते वाचलं नाही म्हणून त्याला दोष कसा देणार?

निकाल वाच. मी वाचला. परिच्छेद 23 बघ: अर्जात हल्ला संध्याकाळी, तोंडी साक्षीत रात्री, म्हणून साक्ष अविश्वसनीय. आणि जखमांचा डॉक्टरी दाखला? त्याचा उल्लेखसुद्धा नाही. रेकॉर्डमध्ये तो आहे, तूच लावलायस! शपथेवरचं सांगणं सबळ कारणाशिवाय खोटं धरायचं नाही, हे 1979 पासून माल्डोनाडो खटल्याच्या निकालात आहे. महत्त्वाच्या पुराव्याबद्दल निकाल गप्प असेल तर तो विचारातच घेतला नाही असं कोर्ट मानू शकतं, हे 1998 च्या सेपेडा-गुतिएरेझ निकालात. तुझी केस या एका परिच्छेदात आहे आणि तू ती शपथपत्रात शोधतेयस.

मी अशिलांशी कोरडी वागते, एकच मुद्दा धरून बसते, असं माझ्याबद्दल बोललं जातं. बोलू देत. लीव्ह, म्हणजे कोर्टाने केस ऐकण्याची परवानगी, नाकारताना न्यायाधीश सहसा कारण देत नाहीत आणि त्या नकारावर अपीलही नाही. तिथे दहा लंगडे मुद्दे नेऊन कोणाचं भलं होतं? खंत आहे ती वेगळीच. कितीतरी माणसांचं खरं दुःख कोर्टापुढे आलंच नाही, कारण भांडायचं होतं ते निकालातल्या एखाद्या ओळीशी. रात्री ते आठवतं. तरीही मी अशीच लढेन.

अशिलाला आजच स्पष्ट सांग की जिंकलो तरी लगेच संरक्षण मिळत नाही, बहुधा केस दुसऱ्या मेंबरकडे परत जाते. भावाचं पत्र जपून ठेव, तिथे ते मांडून बघता येईल. निकाल हाती पडल्यापासून मुदत 15 दिवसांची आहे. लीव्हचा अर्ज आधी दाखल कर, सविस्तर युक्तिवाद मागाहून देता येतो. आणि उद्या मला परिच्छेद 23 वर तीनच ओळी लिहून पाठव, हकीकत नको.