सिटीलिंक परत एसटीकडे द्यावी का? माझं उत्तर: नको, उलट अधिकार वाढवा

प्रश्न असा आलाय की आपल्या नाशिकची शहर बससेवा सिटीलिंक तोट्यात चालते, महापालिकेला झेपत नाही, मग शहर बस परत एसटीकडे का देऊ नये. माझं मत, अजिबात देऊ नये. एसटीचे दिवस आठवा ना, तोटा होतो म्हणून फेऱ्या कमी कमी होत गेल्या आणि नगरसेवकाला विचारलं तर तो म्हणणार माझ्या हातात काही नाही, निर्णय मुंबईत होतो. आता निदान भांडायला दार तरी गावातलं आहे.

८ जुलै २०२१ ला सिटीलिंक सुरू झाली. कंपनी महापालिकेची, बस आणि ड्रायव्हर ठेकेदाराचे, त्याला किलोमीटरमागे पैसे, आणि तिकिटाचा गल्ला कंपनीचा. म्हणजे बस रिकामी धावली तरी ठेकेदाराचं बिल निघतं, रूट आणि वेळापत्रक कंपनीने ठरवायचं. ही पद्धत चांगली आहे हो. इंग्लंडात मँचेस्टरला १९८६ पासून बस खाजगी कंपन्यांच्या मर्जीवर होत्या, जिथे कमाई तिथे गर्दी करायची आणि बाकी गावं वाऱ्यावर. २०१७ च्या कायद्याने निवडून आलेल्या महापौराला अधिकार मिळाले, आणि सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ मध्ये तीन टप्प्यांत सगळ्या बस स्थानिक सत्तेच्या ताब्यात आल्या. बस आजही खाजगी कंपन्याच ठेक्यावर चालवतात, पण भाडं, रूट, रंग सगळं एकच. म्हणजे ठेक्याचं मॉडेल आपल्याकडे आधीच आहे. फरक हा की तिथे १० कौन्सिल मिळून एक प्रदेश धरलाय आणि सगळ्या पैसे भरतात.

आपल्याकडे सिटीलिंक सिन्नर, ओझर, त्र्यंबकला जाते, पण तोटा सगळा नाशिक महापालिकेच्या डोक्यावर. सिन्नर नगरपरिषदेला बस हवी, पण त्यांचा पैसाही नाही आणि कंपनीच्या बोर्डात आवाजही नाही. तिकडे पुण्यात बघा, २००७ ला पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल (पीएमपी) ही एकच कंपनी केली तेव्हा पुणे ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के असा वाटा ठरला. पीएमपीच्या तक्रारी कमी नाहीत, मान्य, पण तोटा कोणी किती उचलायचा हे तरी ठरलेलं आहे.

आता अधिकारांचं बघा. संध्याकाळी नाशिकच्या द्वारका चौकात उभं राहा. माणसं बससाठी थेट रस्त्यात उभी, शेजारी शेअर रिक्षावाला 'नाशिकरोड नाशिकरोड' ओरडतोय, मागे कंटेनर अडकलाय. पूल महामार्गवाल्यांचा, वाहतूक पोलिसांची, थांबा महापालिकेचा, रिक्षाचं परमिट आरटीओचं, आणि बसचं भाडं वाढवायचं तरी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे जायचं. तिथला भुयारी मार्ग पादचाऱ्यांसाठी बांधला, पण माणसं त्यात उतरलीच नाहीत. ज्याला रोज जाब द्यावा लागतो त्याने तो चौक आखला असता तर असं झालं नसतं असं मला मनापासून वाटतं.

घटनेतही गंमत नाही, गोंधळच आहे. ७४ व्या दुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे पालिकांकडे द्यायच्या विषयांच्या यादीत, रस्ते, पूल, पार्किंग, बसथांबे आहेत, सार्वजनिक वाहतुकीचा स्वतंत्र विषय नाही. पण त्याच दुरुस्तीत १० लाख लोकसंख्येवरच्या महानगर क्षेत्रासाठी नियोजन समिती सांगितलीय, जिच्यात किमान दोन तृतीयांश सदस्य महापालिका-पालिका आणि पंचायतींमधले निवडून आलेलेच हवेत. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणानेही अशा मोठ्या शहरांना एकत्रित वाहतूक प्राधिकरण करायला सांगितलंय. मेट्रो निओचं, म्हणजे रबरी टायरवर धावणाऱ्या मेट्रोचं, काय झालं आठवतं ना, २०२१ च्या केंद्रीय बजेटमध्ये नाशिकसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले, आपण फटाके वाजवले, आणि खांब एकही उभा नाही. गावाने मागितलं नव्हतं, मग अडलं तरी विचारणार कोणाला. वर मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षं प्रशासकच होता, त्यामुळे सभागृहात बसवर प्रश्न विचारणाराही कोणी नव्हता.

एक शंका रास्त आहे, महापालिकेकडे पैसा कुठे. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, २०१७ पासून जीएसटीच्या भरपाईसाठी राज्याकडे बघायचं. म्हणून नुसते अधिकार देऊन भागणार नाही, पार्किंगची फी आणि नव्या बांधकामाच्या विकास शुल्कातला ठराविक हिस्सा थेट बससाठी बांधून द्यायला हवा. वाहकांचे पगार थकले की बस डेपोत आणि सातपूर-अंबडचा कामगार पायी, हे आपण एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय, तेव्हा ठेकेदाराने पगार चुकवला तर कंपनीने थेट वाहकाच्या खात्यात भरून बिलातून कापावा ही अट पुढच्या करारात यायलाच हवी.

वॉर्डातल्या नगरसेवकाला भेटाल तेव्हा 'बस वाढवा' एवढंच म्हणू नका. सिन्नर, ओझर, त्र्यंबकचा वाटा आणि बोर्डातली जागा यावर ठराव आणता का, हे विचारा, आणि काय बोलले ते इथे लिहा.